मदत हवी आहे: दुप्पट उंचीच्या हॉलचा स्लॅब भरताना सेंटरिंग खचू नये म्हणून आधी काय काय बघावं?

नमस्कार मंडळी,

स्थापत्य शाखेची पदविका झाल्यावर मी साइटवर देखरेखीचं काम करते. सध्याच्या बांधकामावर पहिला स्लॅब भरायचा आहे, आणि उभं राहिलेलं सेंटरिंग (ओलं काँक्रीट तोलून धरणारा तात्पुरता साचा आणि त्याचे टेकू) बघून मला खरंच धास्ती वाटते आहे. कंत्राटदार वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत. त्यांच्याशी बोलण्याआधी माझे मुद्दे पक्के असावेत म्हणून इथे विचारते आहे.

स्लॅब १५० मिलीमीटर जाड आहे, बीम २३० बाय ६००. खोल्यांमध्ये टेकू साधारण ३ मीटर उंच आहेत, ते लोखंडी जॅकचे आहेत आणि तिथे फारसं वावगं दिसत नाही. अडचण हॉलची आहे. तो दुप्पट उंचीचा असल्यामुळे टेकू ६ मीटरपर्यंत जातात. एवढ्या लांबीच्या बल्ल्या (लाकडी वासे) नाहीत म्हणून दोन-दोन बल्ल्या शेजारी धरून खिळे ठोकून जोडल्या आहेत. खाली जमीन म्हणजे मुरुमाचा भराव. त्यातून सांडपाण्याच्या नळासाठी चर खणला होता, तो नुकताच बुजवला आहे आणि टेकूंची एक ओळ नेमकी त्या चरावर उभी आहे. उंची जुळवायला बऱ्याच टेकूंखाली कोरड्या विटा एकावर एक रचल्या आहेत. तिरप्या फळ्या फक्त बाहेरच्या ओळीला, त्याही एकाच दिशेने.

कंत्राटदार म्हणतात, प्लेटा (ज्यांवर काँक्रीट ओततात ते साच्याचे पत्रे) घट्ट बसल्या आहेत, सांधे बुजवले आहेत, माल म्हणजे ओलं काँक्रीट गळणार नाही, मग काळजी कशाची? माल पंपाने येणार आहे.

मला विचारायचं आहे ते हे: टेकूखाली नेमकं काय असावं, ६ मीटर उंचीला बांधणी कशी करावी, आणि माल ओतताना कोणती चूक सगळ्यात महागात पडते? स्लॅबवर पंधरा-वीस माणसं असतील. थोडं कमी-जास्त चालतं, असं उत्तर मला नको आहे.

प्रतिसाद:

ताई, तुमची धास्ती रास्त आहे. काम थांबवून हे दुरुस्त करून घ्या, संकोच करू नका.

आधी वजन डोळ्यांसमोर आणा. सळईसकट ओलं काँक्रीट घनमीटरला सुमारे २५०० किलो भरतं. म्हणजे तुमचा १५० मिलीमीटरचा स्लॅब चौरस मीटरला ३७५ किलो. प्लेटा आणि त्यांच्याखालची आडवी लाकडं म्हणजे बॅटन, यांचे ५० धरा. माणसं, काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर, पंपाचा पाइप, ओतताना बसणारा दणका यांचे निदान १५० ते २५०. सगळं मिळून सहाशे-साडेसहाशे किलो. टेकू १.२ मीटर बाय १.२ मीटर अंतरावर असतील तर एका टेकूवर साधारण ९०० किलो येतात. बीमचं वजन वेगळं. २३० बाय ६०० चा बीम नुसता स्वतःच धावत्या मीटरला ३४५ किलोचा असतो, म्हणून बीमखालचे टेकू बरेच जवळ लागतात.

आता हे ९०० किलो जमिनीत कसे उतरतात ते बघा. जॅकच्या तळाची पट्टी १५० बाय १५० मिलीमीटर असेल तर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब पडतो. नव्या भरावाला हे झेपत नाही, टेकू रुतणारच. तोच टेकू २२५ मिलीमीटर रुंद आणि चांगल्या जाड फळीवर उभा केला आणि फळीचा ६०० मिलीमीटर तुकडा जरी कामाला आला, तरी दाब पाऊण किलोच्या आत येतो, म्हणजे सहाव्या हिश्शावर. त्यामुळे हॉलमधल्या प्रत्येक ओळीखाली सलग आडवी फळी घाला, तुकडे नकोत. आधी मुरूम पाणी मारून थराथराने कुटून घ्या.

बुजवलेल्या चरावर एकही टेकू ठेवू नका. टेकू दोन्ही काठांवर सरकवा आणि वरचा बॅटन त्या हिशोबाने जाड घ्या. ते शक्यच नसेल तर चर पुन्हा उकरून थराथराने कुटून भरा. मोठ्या आडव्या तुळईने चर ओलांडायचा असेल तर तिचा हिशोब इंजिनिअरकडून करून घ्या. नुसती वरवर फळी टाकून भागणार नाही, कारण चराची माती सगळीकडे सारखी बसत नाही. एक टेकू १० मिलीमीटर खाली गेला की त्याचं वजन शेजारचे दोघं उचलतात, मग त्यांच्याखालची माती दबते. सेंटरिंग पडतं ते असं, एकामागून एक.

विटांचे थर आजच काढायला लावा. कोरड्या विटा पाचरीच्या ठोक्याने सरकतात, एखादी फुटते, आणि तो थर सरळ राहिला आहे की नाही हे भर कामात कोणी बघत नाही. उंची कमी पडत असेल तर लांब टेकू आणा. पाचरी जोडीने मारा, एकमेकींसमोर, आणि बसल्यावर खिळा ठोकून पक्क्या करा. व्हायब्रेटर चालू झाला की सुट्या पाचरी सैल होतात. खोल्यांमधल्या जॅकच्या पिनाही बघा. मूळ पिनेच्या जागी सळईचा तुकडा घातलेला असतो, तो वाकतो.

रात्री पाऊस झाला तर सकाळी सगळं पुन्हा तपासायचं. काल कोरड्या भरावावर जे भक्कम होतं ते आज भक्कम असेलच असं नाही.

प्रतिसाद:

वर तळाचं सविस्तर आलंच आहे. मला तुमच्या हॉलच्या उंचीची जास्त भीती वाटते.

बारीक उभा टेकू बहुतेक वेळा चिरडून मोडत नाही, तो बाजूला वाकून मोडतो. वाकण्याची ताकद लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात घटते. तीच बल्ली ३ मीटरवरून ६ मीटर केली तर तिची क्षमता निम्मी होत नाही, पाव होते. मधोमध दोन्ही दिशांनी पक्की धरून ठेवली तर तिची मोकळी लांबी पुन्हा ३ मीटर होते आणि ताकद चौपट होऊन परत येते. एकाच दिशेने बांधली तर ती दुसऱ्या दिशेला वाकेल.

म्हणून दर दीड-दोन मीटर उंचीवर आडव्या ओळी, लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे, आतल्या टेकूंनासुद्धा. शिवाय तिरपी बांधणी हवीच. नुसत्या आडव्या पट्ट्यांनी सगळे टेकू एकत्र एकाच बाजूला कलू शकतात. सेंटरिंगवर आडवा जोर उभ्या वजनाच्या निदान २ ते २.५ टक्के धरतात. तुमच्या हॉलवर २५ टन वजन आलं तर पाचशे-सहाशे किलोचा आडवा धक्का झाला. पंपाचा पाइप उसळतो तेव्हा हा धक्का कुठून येतो ते कळतं. कॉलम आधी भरून घट्ट झाले असतील तर आडव्या ओळी त्यांना आवळून बांधा. यासारखा आधार दुसरा नाही.

खिळे ठोकून शेजारी-शेजारी जोडलेल्या बल्ल्या मी स्वतः मान्य करणार नाही. त्यात वजन खिळ्यांवरून जातं. जोड द्यायचाच असेल तर दोन्ही टोकं सपाट कापून एकावर एक टेकवायची आणि चारही बाजूंनी पट्ट्या मारायच्या. एका बल्लीत एकच जोड, तो उंचीच्या मध्यावर नको, आणि लागोपाठच्या दोन टेकूंना जोड नको. खरं सांगायचं तर ६ मीटरला कपलॉकसारखी लोखंडी चौकट भाड्याने आणा. आडव्या नळ्या तिच्यात जागच्या जागी अडकतात, त्यामुळे बांधणी विसरली जात नाही.

प्रतिसाद:

बीमच्या बाजूंकडेही लक्ष असू द्या. ओलं काँक्रीट पाण्यासारखं बाजूला ढकलतं. ६०० मिलीमीटर खोलीला तळाशी चौरस मीटरला दीड टनाच्या आसपास दाब येतो. बाजूची प्लेट फुटते ती बहुधा खालच्या कोपऱ्यात, कारण तार आणि शिकंजे वरच्या बाजूलाच लावलेले असतात. खालची पट्टी बॉटमला (बीमच्या साच्याच्या तळाला) खिळ्यांनी पक्की करून घ्या.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. वजनाचा हिशोब कागदावर मांडून कंत्राटदारांना दाखवला. विटा काढायला आणि सलग फळ्या टाकायला ते लगेच तयार झाले, हॉलसाठी कपलॉकही आणत आहेत. भरण्याची तारीख पुढे ढकलली आहे.

आणखी दोन शंका आहेत. भरताना सेंटरिंग बसायला लागलं तर ते वेळेत कळणार कसं, आणि कळल्यावर करायचं काय? सेंटरिंगवाले म्हणतात, त्यांचा माणूस खाली उभा असतो, तो लगेच पाचर मारतो. दुसरं म्हणजे हॉलमधल्या मुख्य बीमचा स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) ६.५ मीटर आहे आणि सात दिवसांत सगळं सोडवायचं असा त्यांचा बेत आहे.

प्रतिसाद:

ताई, भरलेल्या स्लॅबखाली पाचर मारायला माणूस पाठवणं ताबडतोब बंद करा. ज्या क्षणी टेकू हलतो त्याच क्षणी त्याच्याजवळ माणूस उभा करणं म्हणजे त्याचा जीव पणाला लावणं आहे. लक्ष ठेवायचं ते बाहेरून. प्लेटांच्या खालून, स्पॅनच्या मध्यावर आणि बीमखाली, उभ्या पट्ट्या लटकवा. प्रत्येकीशेजारी जमिनीत स्वतंत्र खुंटी रोवा, टेकूंना न चिकटणारी, आणि दोन्हींवर एका रेषेत खूण करा. खुणांमधला फरक लांबून दिसतो. हे काम एकाच माणसाला द्या, दुसरं काही सांगू नका, आणि काम थांबवायचा अधिकार त्यालाच द्या. शिट्टी वाजली की पंप बंद, वरची माणसं ठरलेल्या वाटेने खाली. कोणती वाट, हे सकाळीच सगळ्यांना चालून दाखवा.

किती बसलं म्हणजे थांबायचं हा आकडा डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडून आधीच लिहून घ्या. घट्ट होऊ लागलेला स्लॅब जॅकने पुन्हा वर ढकलू नका, आतून चिरा जातात.

ओतण्याबद्दल: माल एका जागी ढीग करून नंतर फावड्याने ओढण्याची सवय सगळ्यात घातक. अर्धा मीटर जास्तीचा ढीग म्हणजे त्या जागेवर चौरस मीटरला आणखी सुमारे १२०० किलो, तुमच्या स्लॅबच्या तिप्पट. पाइपचं तोंड खाली ठेवून सतत फिरवत राहा. आधी बीम थरांनी भरा, मग स्लॅब पट्ट्यापट्ट्यांनी, दोन्ही बाजू जमेल तितक्या सारख्या पुढे नेत. सलग बॅटनच्या एकाच टोकावर वजन पडलं तर दुसरं टोक उचललं जातं आणि तिथला टेकू सुटतो. सळईचे भारेही प्लेटांवर एका ठिकाणी रचू देऊ नका.

सोडवण्याबद्दल, म्हणजे टेकू काढण्याबद्दल, आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकामध्ये साध्या सिमेंटसाठी, हवा १५ अंशांच्या खाली नसेल तर, असं दिलं आहे: ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४. बीमचे ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. तुमच्या मुख्य बीमखालचे टेकू २१ दिवस राहिलेच पाहिजेत. सिमेंट राख मिसळलेलं असेल किंवा थंडी असेल तर आणखी जास्त. त्या मुदतीत वरच्या मजल्याचं सेंटरिंग या स्लॅबवर उभं करायचं ठरलं तर खालचे टेकू तसेच ठेवून वरचे त्यांच्याच रेषेत आणा.

लवकर सोडवण्याने काय होतं याचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेत व्हर्जिनियातल्या स्कायलाइन प्लाझाबद्दल कंत्राटदारांना सांगा. २ मार्च १९७३ रोजी २४ व्या मजल्याचा स्लॅब भरणं चालू असताना २३ व्या मजल्याखालचे टेकू वेळेआधी काढले गेले. तो मजला कोसळला, त्याबरोबर खालचे सगळे, आणि १४ कामगार दगावले. १९७८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला कूलिंग टॉवरवर, एका दिवसाच्या काँक्रीटवर टांगलेलं सेंटरिंग सुटलं, तेव्हा ५१ जण गेले. दोन्हीकडे खरा दोष काँक्रीट पुरेसं पिकण्याआधी त्याच्यावर भार टाकण्याचा होता.

सोडवताना आधी स्पॅनच्या मध्यावरचे टेकू सैल करा, मग दोन्ही टोकांकडे सरका. बाहेर झुकलेल्या गॅलरीला उलटं: मोकळ्या टोकापासून भिंतीकडे. सैल करताना हळूहळू, एकदम ठोकून नाही. फळ्या आणि कपलॉक लागले की फोटो टाका, भरण्याआधी सगळे मिळून एकदा बघू.