मदत हवी आहे: टेक्सासमध्ये को-पे कार्डाचे पैसे डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत

मंडळी, अमेरिकेतल्या इन्शुरन्सची खाचाखोच माहीत असणाऱ्यांनी कृपया वाचा.

बायकोला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. इंजेक्शन महागडं, त्याला जेनेरिक नाही. औषध कंपनीच्या को-पे कार्डामुळे (पेशंटच्या वाट्याचे पैसे हे कार्ड भरतं) जानेवारीपासून आम्हाला फारसं काही द्यावं लागत नव्हतं. जूनमध्ये कार्डाची वार्षिक मर्यादा संपली आणि फार्मसीने भलीमोठी रक्कम मागितली. पोर्टलवर बघतो तर डिडक्टिबल (इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी दरवर्षी आपण भरायची रक्कम) जसंच्या तसं! कार्डाने भरलेला एकही डॉलर आमच्या नावावर धरलेला नाही. याला 'को-पे ॲक्युम्युलेटर' म्हणतात, हे ज्ञान फोनवर अर्धा तास ते संगीत ऐकल्यावर मिळालं.

टेक्सासने २०२३ मध्ये 'एचबी ९९९' कायदा करून जेनेरिक नसलेल्या औषधांसाठी असे पैसे डिडक्टिबलमध्ये धरायला लावले आहेत. मग आम्हाला तो का लागू नाही? प्लॅन माझ्या कंपनीचा आहे, कार्डावर एका मोठ्या इन्शुरन्सवाल्याचं नाव आहे. शिवाय २०२० च्या रटलेज खटल्यात सुप्रीम कोर्टाने राज्यांना पीबीएमवर (इन्शुरन्ससाठी औषधांचे व्यवहार बघणाऱ्या कंपन्यांवर) नियम करू दिले ना? तक्रार करायची तर कुठे?

प्रतिसाद:
आधी कार्ड उलटसुलट करून 'टीडीआय' किंवा 'डीओआय' ही अक्षरं आहेत का बघा. असली तर प्लॅन टेक्सासच्या इन्शुरन्स खात्याच्या अखत्यारीत आहे, तक्रार तिथेच करा. नसली तर बहुधा सेल्फ-फंडेड आहे. म्हणजे क्लेमचे पैसे तुमची कंपनीच भरते, इन्शुरन्सवाला फक्त कारभार बघतो. अशा प्लॅनना १९७४ चा केंद्राचा एरिसा कायदा लागतो, राज्याचा इन्शुरन्स कायदा नाही. रटलेजचा इथे उपयोग नाही. तो आर्कान्सासचा कायदा पीबीएमने फार्मसीला किती पैसे द्यायचे याबद्दल होता, पेशंटच्या डिडक्टिबलबद्दल नव्हे.

एचआरकडे 'समरी प्लॅन डिस्क्रिप्शन' (प्लॅनचे नियम सांगणारी पुस्तिका) लेखी मागा, ३० दिवसांत द्यावंच लागतं. त्यात ॲक्युम्युलेटरचं कलम शोधा. कलमच नसेल तर अपील करायला जागा आहे. केंद्राच्या श्रम खात्याचं 'एब्सा' कार्यालयही फुकट मदत करतं. आणि हो, एचएसएवाला (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं जोडलेला) प्लॅन आहे का? तिथे भानगड वेगळी: आयआरएसच्या (केंद्राच्या कर खात्याच्या) मते डिडक्टिबलमध्ये पेशंटने स्वतः भरलेलेच पैसे धरायचे.

धागाकर्ता:
धन्यवाद! कार्डावर दोन्ही अक्षरं नाहीत, एचएसए पण नाही. एचआरला मेल टाकली. हिच्या ऑफिसचा प्लॅन छोट्या कंपनीचा, 'टीडीआय' छापलेला आहे. जानेवारीपासून त्यात जावं का? प्रीमियम जास्त आहे. हिशोब कसा मांडायचा, कुणी केलाय का?