मदत हवी आहे: नेट चालू, पण एकही साइट उघडत नाही

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. फायबरचं कनेक्शन. तीन दिवसांपासून दुपारनंतर एकही साइट उघडत नाही. ब्राउझर म्हणतो, सर्व्हरचा पत्ता सापडला नाही. पण गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग (पलीकडून उत्तर येतं का बघायचा सिग्नल) मारला की उत्तर चोख येतं, म्हणजे लाइन जिवंत आहे.

राउटर बंद-चालू केला, डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) कॅशे, म्हणजे साठवलेले जुने पत्ते, फ्लश केली, कॉम्प्युटरवर हातानं १.१.१.१ डीएनएस टाकला. तरी एनएसलूकअप (डीएनएसला पत्ता विचारणारी कमांड) टाइमआउटच. गंमत म्हणजे त्याच वायफायवर माझ्या फोनमध्ये सगळं उघडतं! फोनमध्ये प्रायव्हेट (एन्क्रिप्टेड) डीएनएस चालू आहे, ते ८५३ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटचा नंबर दिलेला दरवाजा) जातं. साधं डीएनएस ५३ वरून. मग ५३ कुठे अडतोय? राउटरमध्ये की कंपनीकडे? कंपनीवाला फोनवर एकच सांगतो, 'रीस्टार्ट करा.'

क्रोममध्ये सिक्युअर डीएनएस लावून काम ढकलतोय, पण अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर ते मानत नाही. विंडोज १० आहे. केळीवाले बाकावर बसून दर पाच मिनिटांनी विचारतात, "झालं का भो?"

राउटर बाजूला ठेवून थेट लाइन लावून तपासू का? की आधी दुसरं काही बघू?