वेंगुर्ल्याहून लंडनला परतणाऱ्या काकांच्या निवाऱ्याविषयी

प्रश्न (वेंगुर्ले): माझे काका ब्रिटिश नागरिक असून निवृत्तीनंतर ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात राहण्यासाठी मिळणारे कार्ड) येथील वडिलोपार्जित घरात राहतात. काकू गेल्यानंतर, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांना लंडनला मुलीजवळ परतायचे आहे; मात्र तिच्या घरात जागा नाही. त्यांना तेथे लगेच सरकारी घर मिळेल का?

उत्तर (रत्नागिरी): लगेच मिळेल, असे धरून चालू नये. पासपोर्ट ब्रिटिश असला तरी पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत), हाउसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठीची मदत) आणि कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक पालिकेचे, घर यांसाठी नित्य निवासाची कसोटी लावतात; म्हणजे माणूस खरोखर तेथे स्थायिक झाला आहे का, हे पाहतात. कायम राहण्याचा इरादा कागदपत्रांनी दाखवावा लागतो आणि बहुधा एक ते तीन महिने प्रत्यक्ष राहावेही लागते. तोवरचा खर्च हाताशी असू द्यावा. सातबाऱ्यावर त्यांचे नाव असेल, तर तो हिस्साही मालमत्ता म्हणून जाहीर करावा लागेल, कारण पेन्शन क्रेडिटमध्ये १०,००० पौंडांवरील भांडवल हिशेबात धरतात. (आपल्याकडच्या सामाईक सातबाऱ्यातील हिश्श्याची किंमत तेथील अधिकाऱ्याला समजावणे, हे वेगळेच दिव्य!)

उत्तर (दापोली): एक दिलासा आहे. भारतात राहणाऱ्यांचे ब्रिटिश स्टेट पेन्शन (सरकारी निवृत्तिवेतन) दरवर्षी वाढत नाही, पण कायमचे परतल्यावर ते चालू दराने मिळते. कायम वास्तव्यासाठी परतणाऱ्यांना एनएचएसचे, म्हणजे तेथील सरकारी आरोग्यसेवेचे, उपचारही मिळतात. अटेंडन्स अलाउन्ससाठी (देखभालीची गरज असलेल्या वृद्धांना मिळणारा भत्ता) मात्र साधारणपणे मागील तीन वर्षांपैकी दोन वर्षे तेथे राहिलेले असावे लागते. निघण्यापूर्वी मुलीने वृद्धांसाठी काम करणाऱ्या एज यूके या संस्थेचा सल्ला घ्यावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आधी तलाठ्यांकडून उतारा काढतो.