मदत हवी आहे: १६ वर्षांच्या ट्रान्सजेंडर भाच्याचं प्रमाणपत्र आणि कॉलेज

नमस्कार. माझा भाचा अकरावीत आहे. जन्मदाखल्यावर ‘मुलगी’ अशी नोंद आहे, पण घरात तो मुलगा म्हणूनच राहतो. कॉलेजात मात्र हजेरीला जुनंच नाव पुकारतात. त्या नावाला ‘हजर’ म्हणायला नको म्हणून तो तासच चुकवतो. हुशार पोरगं आहे हो, जीव तुटतो.

स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०१४च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केला. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९च्या कायद्याचं कलम १३ मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना भेदभाव न करता शिकवायला सांगतं, खेळाच्या सोयीसुद्धा त्यात आल्या. हे दाखवल्यावर प्राचार्य म्हणाले, “आधी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आणा.”

ट्रान्सजेंडर ओळखीच्या या प्रमाणपत्रासाठी अल्पवयीन मुलाचा अर्ज पालकांनी करायचा असतो. ताई तयार आहे, भावोजी नाहीत. एकट्या आईच्या सहीवर कुणाचा अर्ज मंजूर झालाय का? आणि तोवर निदान वर्गात हाक मारायचं नाव बदलावं, हे कुणी कॉलेजला कसं पटवलं?

बारावीचा फॉर्म भरण्याआधी काहीतरी व्हायला हवं. पुण्यात असे अर्ज हाताळलेले वकील माहीत असतील तर कृपया मेसेज करा. “वय आहे, निवळेल” असं मात्र नका लिहू, कमेंट्स तोही वाचणार आहे.