नवख्याने ऑप्शन्सच्या वाटेला जावं का?

आठ_बावन्नची_लोकल
भाचा चोवीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, दोन एसआयपी चालू. परवा जेवताना म्हणाला, "मामा, एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्स, चालू करू का? ऑफिसातला एक जण दर मंगळवारी, निफ्टीच्या एक्सपायरीला, म्हणजे सौद्यांची मुदत संपते तेव्हा, चहापाण्याचे काढतो." मी नको म्हटलं, पण का ते धड सांगता येईना. घरी येऊन सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, सप्टेंबर २०२४ चा अहवाल पुन्हा उघडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त लोक वायदे-ऑप्शन्समध्ये (ठरलेल्या भावात पुढे घेण्या-विकण्याचे करार) उतरले, त्यातले ९३ टक्के तोट्यात. सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या घरात. खर्च वजा जाता लाखाच्या वर कमावणारे जेमतेम एक टक्का. माझ्या मते पहिली दोन-तीन वर्षं हातच लावू नये. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_कारकून
आला, ९३ टक्के आला! अहो, त्यात टेलिग्रामवरच्या टिपा घेऊन एक्सपायरीच्या दुपारी पाच रुपयांचा कॉल (ठरल्या भावात खरेदीचा हक्क) उचलणारे किती? 'हिरो नाहीतर झिरो' खेळणाऱ्यांवरून शिकणाऱ्याचा निकाल लावू नका. मी पहिल्या वर्षी चौतीस हजार घालवले. बारावीच्या क्लासची फी त्याहून जास्त होती आणि तिथे काही शिकलो असेन तर शपथ. काठावर बसून पोहणं येत नाही.

उसळ_पाव_निवांत
कारकूनसाहेब, तुम्ही चौतीस हजारांवर थांबलात, म्हणून गंमत वाटते. त्याच अहवालात आहे की सलग तोटा होऊनही तीन-चतुर्थांशाहून जास्त लोक खेळत राहिले.

माझी गोष्ट ऐका. निकालाच्या आदल्या दिवशी एका कंपनीचा कॉल घेतला. निकाल चांगला, शेअर वर, माझा प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, खाली! अनिश्चितता संपली की प्रीमियममधली हवा निघते, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं. दिशा बरोबर आणि पैसे गेले, हे बायकोला आजही पटलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला तर कॉल पैशात होता, म्हणजे बाजारभाव ठरल्या भावाच्या वर. म्हटलं एक्सपायरीपर्यंत ठेवू. शेवटच्या चार दिवसांत ब्रोकर मार्जिन, म्हणजे अनामत, मागायला लागला. शेअरचे कॉल पैशात संपले की शेअरची डिलिव्हरी घ्यावी लागते, अख्ख्या लॉटची, म्हणजे एका करारातल्या सगळ्या शेअर्सची. नऊ हजार लावलेला माणूस काही लाख कुठून आणणार? विकायला गेलो तर खरेदीदार तुरळक आणि देणाऱ्या-घेणाऱ्याच्या भावात दरी. पडेल त्या भावात सुटलो.

वाळकेश्वरी
घेणारेच बुडतात. ऑप्शन विका. रोज प्रीमियम थोडा गळतो, वेळ तुमच्या बाजूने काम करतो.

उसळ_पाव_निवांत
@वाळकेश्वरी, ३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या जोरावर बाजार तीन टक्क्यांहून जास्त उसळला आणि लोकांनी निर्धास्तपणे पुट (ठरल्या भावात विक्रीचा हक्क) विकले. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला आणि निफ्टी १३७९ अंकांनी आपटला. वर्षभर वेचलेलं एका सकाळीत गेलं.

खडूस_कारकून
मग ऑप्शन विम्यासारखा वापरा की! हातातल्या शेअरवर पुट घ्या, नाहीतर त्याच शेअरवर कॉल विका, म्हणजे कव्हर्ड कॉल. धोका कमीच होतो.

आठ_बावन्नची_लोकल
इथेच तर मेख आहे. कव्हर्ड कॉलला अख्खा लॉट हातात हवा, म्हणजे एकाच कंपनीत काही लाख. निफ्टीवरचा पुट विमा म्हणून घ्यायचा तर नोव्हेंबर २०२४ पासून नव्या कराराची किमान किंमत १५ लाख. भाच्याचा पोर्टफोलिओ दीड लाखाचा. शहाणपणाचा वापर त्याच्या ऐपतीबाहेर, आणि अडीच हजारांचा जुगार खिशात मावणारा. नवख्याला परवडतं ते नेमकं हेच.

कारवारची_कोलंबी
समोर कोण बसलंय तेही पाहा. ३ जुलै २०२५ ला सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग संस्थेकडून ४८४३ कोटी रुपये जमा करून घेण्याचा अंतरिम आदेश काढला, बँक निफ्टीच्या (बँकांच्या शेअर्सचा निर्देशांक) व्यवहारांत भाव फिरवल्याच्या आरोपावरून. संस्थेला आरोप मान्य नाहीत, ते ठरेल तेव्हा ठरेल. पण लोकलमध्ये मोबाइलवर ऑर्डर टाकणाऱ्याची गाठ असल्यांशी आहे. (पॉपकॉर्न संपले, कोणीतरी आणा.)

खडूस_कारकून
लॉटचा मुद्दा मान्य, तो माझ्या ध्यानात नव्हता. तरी 'हातच लावू नये' मान्य नाही. भाच्याला सहा महिने कागदावर सौदे लिहू दे. ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर) सगळं धरून. आणि विवरणपत्र भरताना आयटीआर-३, म्हणजे धंद्याच्या उत्पन्नाचा फॉर्म, एकदा स्वतः उघडू दे, निम्मी हौस तिथेच फिटेल. बाकी, मामा, तुम्ही भाच्याला हे सगळं सांगितलंत का?

आठ_बावन्नची_लोकल
आत्ताच फोन केला. सॅलरी स्लिप जोडून त्याचं एफ अँड ओ सेगमेंट दोन महिन्यांपूर्वीच चालू झालंय. मला विचारलं ते नुसतं विषय काढायला.

खडूस_कारकून
मग दोन महिन्यांचं नफा-तोट्याचं स्टेटमेंट मागवा.

आठ_बावन्नची_लोकल
मागितलं. म्हणतोय, "मामा, दिवाळीला आलो की दाखवतो."