झेब्राफिश असताना 37 डिग्रीत जगणारा मासा कशाला?

पेट्रीडिश:
पीएचडीचा विषय ठरवायचाय आणि गाईड मागे लागलेत की इन्फेक्शन मॉडेल (म्हणजे माणसाचा रोग ज्याच्यावर अभ्यासायचा तो प्राणी) म्हणून अरेबियन किलीफिश बघ, तो 37 डिग्रीच्या पाण्यात जगतो. आता झेब्राफिशवर स्ट्रायसिंगरच्या 1981 च्या पेपरपासून ढीगभर काम झालंय, 2013 ला जीनोम (सगळ्या जीन्सचा नकाशा) आला, माणसाच्या साधारण 70 टक्के जीन्सना त्यात जोडीदार सापडतो, लाइन्स (हव्या त्या जीनबदलाचे मासे) तयार मिळतात. मग फक्त गरम पाणी सोसतो म्हणून नवा मासा घ्यायचा? की हे नुसतं 'नवीन मॉडेल' म्हणून पेपर काढायचं निमित्त आहे? खरं सांगा.

जंतूमित्र:
निमित्त नाही. झेब्राफिश ठेवतात 28.5 डिग्रीला, माणसाचं अंग असतं 37 ला, आणि आपले बरेचसे जंतू माणसात आलोय की नाही हे तापमानावरूनच ओळखतात. अन्नातून येणाऱ्या लिस्टेरिया बॅक्टेरियाचं बघ, त्याचा मेन स्विच म्हणजे पीआरएफए नावाचं प्रोटीन, त्याचा आरएनए 30 ला घडी घालून बसतो, प्रोटीन बनतच नाही म्हटलं तरी चालेल, 37 ला घडी उलगडते मग कामाला लागतो. हगवणीच्या शिगेला जंतूचे विरुलन्स जीन्सही (रोग घडवणारे) 30 ला गप्प असतात. म्हणजे 28 ला इन्फेक्शन देऊन 'मासा मेला नाही, जंतू सौम्य आहे' असं लिहिलंस तर रिव्ह्यूअर पहिला प्रश्न तापमानाचाच विचारणार. टीबीला तर सरळ पर्यायी जंतू वापरतात, मायकोबॅक्टेरियम मरीनम, तो माशांचाच रोगजंतू आहे आणि 30 च्या आसपास मजेत वाढतो. ग्रॅन्युलोमा (जंतूभोवती जमणारी पेशींची गाठ) कसा बनतो हे त्यातून भरपूर कळलं, पण तो टीबीचा खरा जंतू नव्हे ना.

टँकवाला:
तत्त्व मान्य. पण 37 ला जगणं वेगळं आणि 37 ला धडधाकट असणं वेगळं. तापमान चढलं की पाण्यातला ऑक्सिजन उतरतो, 28 ला लिटरमागे साधारण 7.8 मिलीग्रॅम मावतो तर 37 ला 6.7 च्या आसपास, आणि नेमकी तेव्हाच माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात. वर बाष्पीभवन, क्षार रोज बघत बसा. इन्क्युबेटरमध्ये झाकण न लावता प्लेट ठेवली तर जंतूमुळे मेला की खारट पाण्यामुळे हे सांगताच येणार नाही (किलीफिश खारं बऱ्यापैकी सोसतो म्हणा, तांबड्या समुद्रापासून कच्छपर्यंतच्या खाड्यांत, डबक्यांत आणि गोड्या पाण्यातही सापडतो).
आणि झेब्राफिशला 37 जमतच नाही असंही नाही. 2019 मध्ये सेल जर्नलला इम्युनिटी काढून टाकलेले मोठे झेब्राफिश 37 ला राखून त्यांच्यात माणसाच्या कॅन्सर पेशी वाढवून दाखवल्यात. अडचण खरी एम्ब्रियोची आहे, तो तेवढ्या तापमानात नीट वाढत नाही.

पेट्रीडिश:
@टँकवाला म्हणजे माझ्या डोक्यातल्या कॅन्डिडा बुरशीच्या कामाला एम्ब्रियोच हवा तर किलीफिश, असंच ना? कारण मला तिच्या हायफी (धागे) आत शिरताना जिवंत बघायच्यात.

स्लाइडबॉक्स:
कॅन्डिडा अल्बिकन्स असेल तर मी आनंदाने हो म्हणेन, यीस्टमधून (तिच्या गोल पेशींमधून) हायफी फुटण्यात 37 चा मोठा वाटा आहे. आणि किलीफिशची अंडी पारदर्शक आहेत. पण एक खोच आहे, एम्ब्रियोत काही रंगपेशी असतात त्या मायक्रोस्कोपखाली स्वतःच चमकतात, 2020 मध्ये त्यांच्यावरच एक पेपर आलाय. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) लावलेला कॅन्डिडा टोचलास आणि चमकणारा ठिपका दिसला म्हणून खूश झालीस तर तो जंतू की माशाचाच रंग? म्हणून न टोचलेल्या एम्ब्रियोचे फोटो त्याच सेटिंगवर आधी काढून ठेव, शक्यतो लाल फ्लोरोफोर (चमकणारं रसायन) घेता येतो का तेही बघ.

जंतूमित्र:
भर घालतो. झेब्राफिशसारख्या मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) चमकणाऱ्या शेकडो रेडीमेड लाइन्स किलीफिशमध्ये मिळणार नाहीत, स्वतः बनवायची तयारी ठेव, एक-दोन वर्षं त्यातच जातील. फक्त तापमान हवं असेल तर मेडाका हा जपानी मासाही बघ, थंडी-उन्हाळा दोन्ही सोसतो आणि त्याचा जीनोम 2007 पासून हाताशी आहे. गाईडना हे आधीच विचार, सिनॉप्सिस सबमिट केल्यावर नको.

टँकवाला:
आणि त्याच बैठकीत हेही विचारून घे, की 37 चा रिकामा कंट्रोल, म्हणजे फक्त सलाईन टोचलेले एम्ब्रियो, किती टक्के जगतात याचा आकडा लॅबकडे आहे का. नसेल तर पहिलं काम तेच.