अनुदानाचा आकडा जाहीर झाला. पण पैसा कुठवर पोहोचला, हे कसे कळावे?

प्रश्न | भूजल_अभ्यासक

नमस्कार. मी भूजलावर काम करणाऱ्या एका संशोधन गटात आहे. आमच्या प्रकल्पाला दुसऱ्या एका देशाच्या सरकारने विकास-मदतीच्या खात्यातून अनुदान मंजूर केले आहे. करार त्या देशातील एका विद्यापीठाशी झालेला आहे आणि आम्ही त्या विद्यापीठाचे भागीदार म्हणून काम करतो. सरकारच्या जाहीर यादीत या प्रकल्पाची एकच ओळ आहे. प्राप्तकर्त्या संस्थेचे नाव, एकूण रक्कम, सुरुवातीची आणि समाप्तीची तारीख, लाभार्थी देश, आणि उद्देशाच्या रकान्यात 'जलव्यवस्थापनासाठी संशोधन व क्षमताबांधणी' हे चार शब्द.

मागच्या फेरीत आम्ही पाणीपातळी मोजत असताना तिथल्या एका शिक्षकांनी मोबाइलवर ती ओळ काढून दाखवली आणि शांतपणे विचारले, "एवढे पैसे आले आहेत, तर आमच्याकडे निरीक्षण विहिरी तीनच का?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याजवळ त्याचे धड उत्तर नव्हते. वस्तुस्थिती अशी, की यादीतली रक्कम पूर्ण मुदतीची आहे, त्यातला पहिलाच हप्ता सुटला आहे, आणि त्या हप्त्यातलाही साधारण पाचवा हिस्सा आमच्या गटाकडे आला आहे. यातले काहीही त्या ओळीवरून कळत नाही. ओळ खोटी नाही, पण ती वाचणाऱ्याचा समज मात्र चुकीचा होतो.

माझे दोन प्रश्न आहेत. सरकारने अशा अनुदानांबाबत नेमके काय काय उघड करावे, अशी अपेक्षा धरणे योग्य आहे? आणि आमच्या भागीदारांपैकी एक गट अशांत प्रदेशात काम करतो. त्यांचे नाव यादीत येऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे. मग पारदर्शकतेची मर्यादा कुठे आखायची?

उत्तर १ | जमाखर्च

आपण वर्णन केलेली अडचण एका यादीपुरती नाही. अनुदानाच्या प्रवासात निदान तीन वेगळे आकडे असतात: देणाऱ्याने कबूल केलेली रक्कम, प्रत्यक्ष वितरित केलेली रक्कम आणि घेणाऱ्याने केलेला खर्च. बहुतेक सरकारी याद्या पहिल्या आकड्यावर थांबतात, कारण करारावर सही झाली की तो आकडा हाताशी असतो आणि तो जाहीर करणे कायद्याने बंधनकारक असते. कॅनडात २५,००० डॉलरपेक्षा मोठ्या प्रत्येक अनुदानाची नोंद तिमाही संपल्यावर ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करावी लागते. अमेरिकेत २००६ च्या कायद्याने अशा नोंदींसाठी एकच शोधता येण्याजोगे संकेतस्थळ बंधनकारक केले. ते डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाले. हे छोटे काम नव्हे. त्याआधी असा आकडा हवा असेल तर माहितीसाठी अर्ज करून महिनोन्महिने वाट पाहावी लागे.

तथापि, अशा याद्या वाचताना एक चूक मी स्वतः केलेली आहे. एका संस्थेच्या नावापुढे चार ओळी होत्या, चारींची मी बेरीज केली आणि तो आकडा एका टिपणात वापरला. नंतर लक्षात आले, की पहिली ओळ मूळ कराराची होती आणि उरलेल्या तीन त्याच कराराच्या दुरुस्त्या होत्या. प्रत्येक दुरुस्तीत सुधारित एकूण रक्कम पुन्हा लिहिलेली होती. म्हणजे एकच पैसा मी चारदा मोजला होता. काही याद्यांत याच्या उलट पद्धत असते. तिथे दुरुस्तीच्या ओळीत फक्त फरक लिहितात आणि मंजुरी मागे घेतली असेल तर तो फरक ऋण असतो. यादीसोबतची टीप वाचल्याखेरीज यातली कोणती पद्धत वापरली आहे, हे समजायला मार्ग नाही. म्हणून माझी पहिली मागणी अशी, की प्रत्येक अनुदानाला कायमचा क्रमांक असावा आणि प्रत्येक दुरुस्ती त्याच क्रमांकाखाली, तारखेसह आणि कारणासह दिसावी.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर म्हणजे आंतरराष्ट्रीय मदत पारदर्शकता उपक्रम, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून आयएटीआय म्हणतात. २००८ मध्ये घानातील आक्रा येथे भरलेल्या परिषदेत त्याची घोषणा झाली. त्याच्या नमुन्यात कबुली, वितरण आणि खर्च यांच्या नोंदी स्वतंत्रपणे, तारीखवार करता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पैसा घेणारी संस्थाही स्वतःची नोंद प्रसिद्ध करू शकते आणि तिथे देणाऱ्याच्या नोंदीचा क्रमांक टाकू शकते. असे क्रमांक जुळत गेले, तर आपल्या शिक्षकांना सरकार, विद्यापीठ, आपला गट आणि शेवटी निरीक्षण विहीर, अशी सलग वाट दिसेल. मधल्या एका संस्थेने जरी क्रमांक लिहिला नाही, तरी ती वाट तिथेच तुटते, आणि अनुभव असा, की ती बहुधा पहिल्या उप-अनुदानापाशीच, म्हणजे घेणाऱ्या संस्थेने पुढच्या संस्थेला दिलेल्या हिश्श्यापाशीच, तुटते. अमेरिकेत ऑक्टोबर २०१० पासून पहिल्या पायरीवरच्या उप-अनुदानांचीही नोंद मागवली जाऊ लागली. त्याखालच्या पायऱ्या मात्र त्या नियमात येत नाहीत.

उत्तर २ | मदतकार्य_क्षेत्र

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा आहे.

आपल्या भागीदारांचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे. विशिष्ट सरकारचा पैसा घेतला एवढ्या कारणावरून स्थानिक संस्थेवर संशय घेतला जातो, कार्यकर्त्यांची चौकशी होते, आणि याहून वाईटही घडते. महिला आरोग्य, पत्रकारिता, मानवी हक्क या क्षेत्रांत हा धोका विशेष असतो. अमेरिकेच्या अनुदान संकेतस्थळावरही काही नोंदींमध्ये संस्थेच्या नावाऐवजी 'विविध परदेशी प्राप्तकर्ते' असा एकत्रित उल्लेख आढळतो. आयएटीआयमध्येही माहिती वगळण्याला जागा आहे. फक्त काय वगळले जाईल आणि कोणत्या कारणाने, याचे धोरण संस्थेने आधी प्रसिद्ध करावे, अशी अपेक्षा असते.

माझ्या मते कसोटी ही, की नाव झाकले तरी ओळ झाकू नये. रक्कम, वर्ष, क्षेत्र आणि देश राहू द्यावेत. देश सांगणेही धोक्याचे असेल तर प्रदेश सांगावा. संपूर्ण नोंदच नाहीशी केली, तर एकूण बेरीज चुकते आणि सुरक्षिततेच्या आडून गैरव्यवहार लपवायलाही वाट मिळते. शिवाय वगळण्याचा निर्णय मुदतीचा असावा आणि ठरावीक काळाने त्याचा फेरविचार व्हावा. आणि हा निर्णय ज्यांना धोका आहे त्यांना विचारून व्हायला हवा. आमच्या एका प्रकल्पात निधी देणाऱ्या कार्यालयाने आम्हाला न विचारता गावाचे नाव आणि नकाशावरचे अचूक ठिकाण प्रसिद्ध केले होते. ते काढून टाकायला अकरा दिवस लागले आणि त्या अकरा दिवसांत आमच्या दोन सहकाऱ्यांना राहती जागा सोडावी लागली.

उत्तर ३ | संदर्भ_ग्रंथपाल

संशोधनाच्या बाजूने थोडी भर घालते. आपले अनुदान एकाच वेळी मदतही आहे आणि संशोधनही, त्यामुळे त्याची माहिती दोन वेगळ्या व्यवस्थांत विभागली जाते. संशोधन निधीची संकेतस्थळे, उदाहरणार्थ अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे 'रिपोर्टर' किंवा युरोपीय संघाचे 'कॉर्डिस', प्रकल्पाचा सारांश देतात. 'रिपोर्टर'मध्ये तर त्या अनुदानातून निघालेले शोधनिबंधही जोडलेले दिसतात. मदतीच्या याद्या सारांशाऐवजी सांकेतिक क्रमांक देतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या वर्गवारीत वैद्यकीय संशोधनासाठी १२१८२, कृषी संशोधनासाठी ३११८२ आणि इतरत्र न बसणाऱ्या वैज्ञानिक संस्थांसाठी ४३०८२ असे पाच अंकी क्रमांक आहेत. पण संशोधनाचा प्रकल्प पुष्कळदा पाणीपुरवठा किंवा शेती या सर्वसाधारण क्रमांकाखाली नोंदवला जातो, आणि मग मदतीतला किती पैसा संशोधनावर गेला, याचे उत्तर कोणालाच नीट देता येत नाही. आपण आपल्या विद्यापीठाला आपला क्रमांक कोणता, हे जरूर विचारा.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. जाहीर केलेली माहिती टिकेल, याची हमी कोणी देत नाही. १ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे, म्हणजे यूएसएआयडीचे, संकेतस्थळ बंद झाले आणि त्याच वर्षी १ जुलैपासून ती संस्थाही बंद झाली. जगभरच्या अहवालांत त्या संकेतस्थळाचे दुवे दिलेले होते. ते सगळे एका दिवसात निरुपयोगी झाले. म्हणून आपल्या ओळीची आणि करारासोबतच्या जाहीर कागदपत्रांची प्रत आजच तारखेसह जतन करून ठेवा.

प्रत्युत्तर | भूजल_अभ्यासक

तिघांचेही मनापासून आभार. आयएटीआयच्या माहितीसाठ्यात शोध घेतला. देणाऱ्या सरकारची नोंद सापडली आणि त्यात पहिल्या हप्त्याचे वितरणही तारखेसह आहे. विद्यापीठाची नोंद मात्र नाही. म्हणजे 'जमाखर्च' यांनी म्हटल्याप्रमाणे वाट पहिल्याच पायरीवर तुटली आहे. पण ही सगळी माहिती इंग्रजीत आणि संगणकाच्या सोयीच्या मांडणीत आहे. त्या शिक्षकांपर्यंत ती पोहोचणार कशी?

उत्तर ४ | लोकलेखा

यावर युगांडाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथला पैसा केंद्र सरकारचा, प्राथमिक शाळांसाठीचा होता, पण प्रश्न आपल्यासारखाच होता. रिट्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ ते १९९५ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा मंजूर अनुदानातला सरासरी १३ टक्केच हिस्सा शाळांपर्यंत पोहोचल्याचे दिसले. त्यानंतर सरकारने जिल्ह्यांना पाठवलेल्या रकमा वृत्तपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांना मिळालेली रक्कम शाळेतच फलकावर लावण्याचा नियम केला. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. माझ्या दृष्टीने इथे फलकाचे महत्त्व सर्वांत मोठे आहे, कारण आकडा ज्याच्या कामाचा, त्याच्या डोळ्यांसमोर तो आला.

उत्तर ५ | जमाखर्च

उदाहरण मोलाचे आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. त्याच काळात तिथे वित्तव्यवस्थेत इतरही सुधारणा झाल्या होत्या. त्यामुळे सारे श्रेय वृत्तपत्रांना देता येणार नाही, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. आकडा वाचून जाब विचारता येईल असे कोणी वरच्या पातळीवर असेल, तरच फलकाचा उपयोग होतो. आपल्या बाबतीत तो जाब विद्यापीठाला विचारायचा आहे आणि तो विचारण्याचा अधिकार भागीदार म्हणून आपल्याला आहे.

प्रत्युत्तर | भूजल_अभ्यासक

मान्य. विद्यापीठाला आजच पत्र पाठवले असून आमच्या हिश्श्याची नोंद देणाऱ्याच्या क्रमांकासह प्रसिद्ध करण्याची विनंती केली आहे. अशांत भागातील भागीदारांसाठी नाव वगळून फक्त रक्कम आणि प्रदेश देण्याचा मसुदा त्यांना आधी वाचायला दिला आहे. पुढच्या मोजणीच्या वेळी आमच्या गटाला मिळालेली रक्कम, त्यातला विहिरींवरचा खर्च, उपकरणांवरचा खर्च आणि मानधन, असे एका पानाचे मराठी पत्रक शिक्षकांच्या हाती देणार आहोत. एकच शंका उरते: रक्कम परदेशी चलनात लिहावी की आपल्या?

उत्तर ६ | जमाखर्च

दोन्ही लिहा. मूळ चलनातील रक्कम आधी, मग ती बँकेत जमा झाल्याची तारीख आणि त्या दिवशी प्रत्यक्ष जमा झालेली स्थानिक रक्कम. आजच्या दराने रूपांतर करू नका. तसे केल्यास पुढच्या वर्षी तेच पत्रक आणि आपली हिशेबाची वही जुळणार नाही.